खोड आधी, कौतिक मागून

चाकूरच्या जनावरांच्या बाजारात मन्मथअप्पांनी माझी ओळख करून दिली ती अशी: "ह्या दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरबाई. लई तापट हायत. मघाशी मलाच झापलं. पण सुई हलक्या हातानं मारतात." माझी ती पहिलीच नेमणूक. भर बाजारात आपल्या स्वभावाची दवंडी पिटणारा हा म्हातारा कोण, म्हणून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुपारी दवाखान्यात आले तर दारात जनावरांची रांग. "अप्पांनी धाडलंय," म्हणाले सगळे.

अप्पा हेडी होते, म्हणजे गाई-बैलांच्या खरेदी-विक्रीतले मध्यस्थ. हेडी म्हटला की गिऱ्हाईक आधी आपला खिसा चाचपतं. अप्पांची तऱ्हा उलटी. ते बैलाच्या पाठीवर थाप मारून सुरुवात करायचे, "ह्यो पाण्याला बुजतो. डावीकडं जुंपला की रुसतो. ही झाली खोड. आता चांगलं ऐका." मग सौदा उपरण्याखाली. दोघांचे हात झाकलेले, भाव काय तो बोटं दाबून सांगायचा, तोंडानं अवाक्षर नाही. समोरच्यानं बोटं घट्ट धरली की सौदा पक्का. त्यानंतर प्रत्यक्ष बाप आला तरी कुणी फिरत नसे.

ट्रॅक्टर आले तसा बाजार बसत चालला होता. एकदा मी एका देवणी कालवडीचा व्हिडिओ काढत होते, तर अप्पा मध्येच घुसले आणि तिची खोड सांगू लागले. मी चिडून तो तसाच इंटरनेटवर टाकला. पुढच्या बाजाराला त्यांनी हळूच विचारलं, "माझं बोलणं कुणी बघितलं का हो, डॉक्टरबाई?" बऱ्याच जणांनी बघितलं होतं. मग अप्पांनी स्वतःचं चॅनेलच काढलं. बघणारे मोजकेच, पण इमानी. बाकीचे हेडी त्यांना 'मोबाईलचा हेडी' म्हणून चिडवायचे. अप्पा म्हणायचे, "चिडवा. चिडवायला तरी बघतावच की."

जिव्हारी लागलं ते मुलाचं बोलणं. शिवराजचं लातूरला हार्डवेअरचं दुकान होतं. अप्पांची बायको गेल्यापासून तो त्यांच्या मागं लागला होता. "लोक माझ्या दुकानात येऊन तुमचे व्हिडिओ लावतात अन् हसतात. दिवाळी झाली की लातूरला चला, आरामात घरात बसा." घरात बसणं म्हणजे अप्पांना दावणीला बांधल्यासारखं वाटे. ते मला म्हणाले, "एक जाहिरात मिळू द्या. माझ्या जिभेला अजून भाव हाय, एवढं त्याला दाखवायचंय. मग बघू मला कोण नेतो."

आणि जाहिरात चालून आली. नांदेडच्या एका पशुखाद्य कंपनीनं आधी पेंडीची पोती पाठवली. अप्पांनी ती आपल्या गाईला घालून बघितली. मग बाजाराच्या दिवशी कंपनीचे मॅनेजर आले. त्यांच्या हातात छापील कागद, त्यावर अप्पांनी काय बोलायचं ते लिहिलेलं: आठवड्यात दूध दुप्पट. अप्पांनी चष्मा लावला, कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला. "आधी सौदा," म्हणाले आणि उपरणं पसरलं.

मॅनेजरांना मोठी गंमत वाटली. "वा, हे पण घ्या व्हिडिओत," असं त्यांनीच मला सांगितलं. अप्पांनी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे मी लाईव्ह सुरू केलं. उपरण्याखाली हात गेले. मॅनेजर हसत होते, मग हसू ओसरलं, कपाळावर आठी आली, आणि शेवटी त्यांनी अप्पांची बोटं धरली. "झाला!" अप्पा ओरडले. "झाला!" बाजार ओरडला. कितीला झाला ते अप्पांनी मला कधीच सांगितलं नाही. ते मोबाईलकडे वळले.

"शरणार्थ मंडळी. आज पेंड विकायला उभा हाय. आधी खोड. दूध दुप्पट होत न्हाई. माझ्या गाईचं झालं न्हाई, तुमच्या बी व्हायचं न्हाई. सुरुवातीला जनावर तोंड लावत न्हाई, वरून जरा गूळ शिंपडा. आता चांगलं ऐका. शेण बांधून येतं, अंगावर तकाकी येते. म्हशीचं अजून बघून राहिलो. कळलं की सांगतो."

"बंद करा ते!" मॅनेजर माझ्यावर धावून आले. "जाहिरातीत कुणी दोष सांगतं का?"

"म्हणून तर जाहिरात लागली की माणूस बोटानं फुडं ढकलतो," अप्पा म्हणाले.

"मग आपलं काही ठरलेलं नाही."

आता मात्र गंमत झाली. अप्पांना चिडवणारे तेच हेडी मॅनेजरांभोवती गोळा झाले. "ओ साहेब, बोटं धरलीत तुमी. हितं फिरत नसतात." साहेब गाडीत बसले आणि काच वर करून गेले.

आठवडाभर कंपनीचा फोन नाही. तेवढ्यात व्हिडिओ बघून शिवराज गाडी घेऊन आला. मी अप्पांच्या गाईला तपासायला गेले होते, म्हणून सगळं ऐकलं. "अप्पा, दोन गोड वाक्यं बोलला असता तर जिभेला काय फोड आले असते का?"

"आले असते."

"अन् त्यांनी न्हाईच म्हटलं तर?"

"तर न्हाई. खोटं बोलून मिळवलेली जाहिरात तुला दाखवून काय करू? ती माझ्या जिभेला मिळाली असती का त्यांच्या कागदाला?"

तरी शिवराज हटेना. बापलेक दोघंही दारात तोंड फिरवून बसले. तशात मॅनेजरांची गाडी आली. तालुक्यातले दुकानदार कंपनीला फोन करकरून 'अप्पा बोलले ती पेंड' मागत होते, असं त्यांनी खाली बघत सांगितलं. या वेळी हातात कागद नव्हता. अप्पांनी एवढंच विचारलं, "खोड सांगायची का?"

"सांगा," ते म्हणाले. "जरा हळू आवाजात."

अप्पांनी आवाज कधी हळू केला नाही. शिवराज त्या दिवशी रिकामी गाडी घेऊन लातूरला परतला. खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

पुढं माझी भोकरला बदली झाली. मागच्या वर्षी अप्पा गेल्याचा निरोप आला तशी मी चाकूरला धावले. चौकात कंपनीनं श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स लावला होता. अप्पांचा फोटो आणि खाली 'मनमिळाऊ, मृदुभाषी, सर्वांचे लाडके'. रडायला आलेली मी, तिथंच संतापले. मृदुभाषी म्हणे! शिवराजही तो फ्लेक्स वाचत उभा होता. तो गेला आणि शिडी, ब्रश आणि काळ्या रंगाचा डबा घेऊन आला.

मी शिडी धरली. तो वर चढला आणि बापाच्या फोटोच्या वर मोठ्या अक्षरांत त्यानं लिहिलं: 'लई हेकट माणूस होता.'

"अहो, हे काय करताय?" श्रद्धांजलीला आलेले मॅनेजर खालून कळवळले.

शिवराजनं मागं वळून बघितलं नाही. बाहीनं डोळे पुसत तो म्हणाला, "खोड आधी, साहेब. कौतिक खाली हायच की."