श्रीखंडाच्या डब्यातले थेंब

आमच्या घरातली सगळी औषधं श्रीखंडाच्या एका मोठ्या रिकाम्या डब्यात असायची. तापाच्या गोळ्या, अर्धी पिळलेली मलमं, कुणाच्या तरी दाढदुखीतून उरलेल्या चार कॅप्सूल. बिल्डिंगमधले लोकही हक्काने यायचे. "काका, पोट बिघडलंय, काही आहे का?" मी चष्मा चढवून डबा उघडायचो. मानपाड्याजवळच्या एका औषधाच्या कारखान्यात मी सगळी नोकरी केली. पॅकिंग खात्यात का असेना, पण औषधातलं आपल्याला कळतं, असं मला मनापासून वाटायचं.

मुलगी लग्न होऊन ठाण्याला गेली. तिकडे दोघंही दिवसभर कामावर, म्हणून तिचा कुत्रा डोंबिवलीत आमच्याकडेच राहिला. त्याचं नाव तिने इंग्रजी ठेवलेलं. ते माझ्या जिभेवर काही बसलं नाही. मी नुसतं "काय रे" म्हणायचो आणि तो यायचा. सुरुवातीला मी त्याच्यावर खेकसायचो. नंतर तो पायाशी नसला की सकाळचा चहा गोड लागेनासा झाला, पण हे मी कुणापुढे कबूल केलं नाही.

एका सकाळी त्याचा उजवा डोळा चिकटलेला दिसला. आदल्या दिवशी बिल्डिंगमागच्या झुडपात मांजराच्या मागे घुसला होता, तिथे काही लागलं असावं. पापण्यांना पिवळी घट्ट घाण, डोळा लालभडक, आणि सारखा मिटत होता. बायकोने मुलीला फोन लावला.

"बाबा, आजच डॉक्टरकडे ने त्याला," मुलगी म्हणाली. "डोळ्याचं आहे, टाळू नको."

"अगं, डॉक्टर काय करणार? थेंबच देणार ना? थेंब आहेत घरात."

थेंब बायकोचे होते, तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे. बाटली अर्धी उरली होती आणि उरलेलं औषध टाकायचं नाही, हा आमच्या घरचा नियम.

"अहो, माझ्या डोळ्याचं औषध कुत्र्याला चालतं का?" बायकोने विचारलं.

"डोळा तो डोळा," मी म्हणालो.

मी बाटलीवरची तारीख बघितली. अजून चार महिने होते. कारखान्यात माझं काम हेच होतं. पट्ट्यावरून येणाऱ्या बाटल्यांवर लेबल सरळ बसलंय ना, तारीख आणि बॅच नंबर नीट उमटलाय ना, एवढं बघायचं. वाकडं लेबल मला लांबूनच दिसायचं. आत काय आहे ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

दिवसातून तीनदा मी त्याची हनुवटी धरायचो, उजव्या डोळ्यात दोन थेंब टाकायचो आणि एक बिस्किट द्यायचो. पहिल्या दिवशी त्याने मान हिसडली. तिसऱ्या दिवसापासून डब्याच्या झाकणाचा आवाज आला की स्वतःहून येऊन उजवी बाजू माझ्याकडे करून उभा राहायला लागला. लाली तर दोनच दिवसांत उतरली. मी मुलीला फोन करून सांगितलं, आणि खाली बाकावर बसणाऱ्या मंडळींनाही सांगितलं. काय मिजास होती माझी!

पाचव्या दिवशी बुबुळावर निळसर ढगाळ ठिपका दिसला. जखम भरताना असंच होतं, असं मी बायकोला ठणकावून सांगितलं. कशाच्या आधारावर सांगितलं, ते आज मला सांगता येणार नाही. तीन दिवस आणखी थेंब घातले.

रविवारी मुलगी आली. जमिनीवर बसून तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"बाबा, ह्याला ह्या डोळ्याने दिसतंय का?"

तिने मला आणि त्याला गाडीत घातलं आणि थेट ठाण्याला, प्राण्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी डोळ्यात रंगाचं पाणी सोडलं, खोलीतला दिवा घालवला आणि निळ्या उजेडात आम्हाला डोळा दाखवला. बुबुळाच्या मधोमध हिरवागार खड्डा चमकत होता. जिथे जखम असते तिथे रंग धरतो, त्या म्हणाल्या.

"काका, काय घालत होतात?"

मी खिशातून बाटली काढून दिली. त्यांनी ती फिरवून बारीक अक्षरं वाचली.

"यात अँटिबायोटिक आहे, पण सोबत स्टेरॉइडही आहे. बुबुळाला जखम असताना स्टेरॉइड गेलं की लाली उतरते, बरं वाटतंय असं दिसतं, आणि आत जंतूंना रान मोकळं होतं. शिवाय उघडलेली बाटली महिनाभरात टाकायची असते. पहिल्याच दिवशी नुसते अँटिबायोटिकचे थेंब मिळाले असते, तर बहुतेक आठवड्यात भरलं असतं हे."

त्या रागावल्या नाहीत. मुलगीही ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग योग्य औषध सुरू झालं, दर दोन तासांनी. त्याच्या गळ्यात प्लॅस्टिकची मोठी कॉलर होती आणि ती घेऊन तो दारांवर आपटत फिरायचा. मी एकही वेळ चुकवली नाही. पण उशीर झाला होता. बुबुळ फुटलं आणि डोळा काढून पापण्या शिवून टाकाव्या लागल्या. तो डोळा झुडपाने नाही, मी घालवला. बिल्डिंगमध्ये विचारणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगतो. ऐकून लोक "जाऊ द्या काका, तुम्ही चांगल्यासाठीच केलं" म्हणतात, आणि मला ते अजिबात सहन होत नाही. डबा मी रिकामा करून टाकला. आता त्यात फक्त बिस्किटं असतात.

गेल्या महिन्यात त्याचा डावा डोळा किंचित चिकट दिसला. तासाभरात मी त्याला डॉक्टरकडे नेलं. जखम नव्हती, साधा संसर्ग होता. सात दिवसांचे थेंब मिळाले. घरी आल्यावर भिंग घेऊन मी लेबल अक्षर न अक्षर वाचलं आणि बिस्किट काढायला डबा उघडला.

झाकणाचा आवाज ऐकून तो आतून धावत आला. माझ्यासमोर थांबला, सवयीने शिवलेली बाजू माझ्याकडे केली आणि मान वर करून शांत उभा राहिला.

मी त्याला बिस्किट आधीच दिलं. मग हळूच त्याचं तोंड दुसऱ्या बाजूला वळवलं.