सुगंधाकाकीच्या खिडकीतला वारा

शेजारच्या काचेच्या हॉटेलाला सुगंधाकाकीनेच होकार दिला आणि आता तीच बोंबलते, असं मालवणच्या मासळीबाजारात बोलतात. अर्धंच खरं. होकार दिला होता, हॉटेलाला नाही.

काकी मासे विकते आणि बंदरामागच्या घरात पर्यटकांसाठी दोन खोल्या चालवते. जुनं घर पाडून स्लॅब टाकायचा, एसी बसवायचा, एवढंच तिच्या मनात होतं. पण भाचा कौस्तुभ आर्किटेक्ट. तो नाकातून म्हणाला (हा आवाज मला झोपेतही काढता येतो), "मावशी, बेसिकली सिमेंट-लोखंड बनवतानाच धूर होतो, घर बांधण्याआधीच. एसीपायी मग रोज होतो. आपण दोन्ही वाचवू. जुनेच जांभ्याचे चिरे, जुनीच कौलं. चिरे मातीत बसवू, म्हणजे उद्या सुट्टे काढता येतील. पश्चिमेला मोठ्या खिडक्या. दर्याचा वारा हाच आपला एसी."

"वारो येतलो मां रे?"

"माझी गॅरंटी, मावशी."

आला की! मे महिन्यात रात्री पाहुणे चादर मागायचे. पापलेट कापता कापता काकी गिऱ्हाईकांना सांगायची, "माझ्या भाच्यान माका वारो बांधून दिल्यान."

पुढच्या वर्षी पश्चिमेकडच्या मोकळ्या जागेत बांधकामाचा नारळ फुटला. कौस्तुभनेच तिला पुढे उभं केलं. गावातल्या बाळाकाकांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, "हयसर जा काय बैठा कौलारू बांधकाम होताहा, तेका यश दी रे म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा!" काकीचं. 'बैठा कौलारू' हे बाळाकाकांना कौस्तुभनेच सांगितलं होतं.

उभे राहिले तीन मजले, काँक्रीट आणि काच. फलकावर आर्किटेक्ट म्हणून त्याचंच नाव. काकीच्या खिडक्या कुठे आहेत, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"भांड मगे त्याच्याशी," लोक म्हणाले.

"देवासमोर व्हय म्हटलंय. आता नाय कसा म्हणू?"

खोल्या तापल्या. पाहुणे 'एसी आहे का?' विचारून शेजारच्या हॉटेलात जाऊ लागले. मग कौस्तुभ खोकं घेऊन आला. "मावशी, एसी. माझ्याकडून. वीज कमी खातो."

"आधी वारो घेतलंस, आता एसी दितंस? व्हर तो परत!"

मी म्हटलं, "काकी, मे संपायच्या आत एसी लावतलंस तू. पैज?"

"लाव. हरलंस तर कौस्तुभाचो आवाज परत माझ्यासमोर काढूचो नाय."

तो उकाडा बघून मी बिनधास्त टाळी दिली.

काकीने मंगेश गवंड्याला बोलावलं. उत्तरेच्या भिंतीतले चिरे खरंच सुट्टे निघाले आणि तिथे खिडक्या बसल्या. वारा येतो, पण पहिल्यासारखा नाही. दुपारी अंग चिकचिकतंच. तरी एक कुटुंब चार दिवस राहून गेलं. मे संपला. एसी नाही.

त्या संध्याकाळी काकीने मला जेवायला वाढलं. कौस्तुभचा आवाज एकदाच, शेवटचा काढावा, म्हणून मी नाकात हवा घेतली. तिने हात वर केला.

"नको गो. तो आवाज ऐकलो की माका तेचा अजून सगळा खरा वाटता."

मी हवा सोडून दिली आणि भात कालवला. पैज हरलेच होते.