काकूंची वरात

"मी मेल्यावर नाचन, बाप्पा!"

गल्लीतून वरात जाऊ लागली की आम्ही बायका काकूंचा हात धरून ओढायचो, आणि हात सोडवून घेत काकू दरवेळी हेच म्हणायच्या. गेटजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या असायच्या. कमरेच्या वरचं अंग अगदी कीर्तनाला बसल्यासारखं गंभीर. खाली मात्र दोन्ही पाय चपलेतून बाहेर येऊन फरशीवर असे थिरकायचे की खुर्ची हळूहळू मागे सरकायची. वरात चौकात वळेपर्यंत काकू तुळशीच्या कुंडीला टेकलेल्या असत.

आम्हाला वाटायचं, बाई नाही म्हणताहेत. त्या तर वायदा करत होत्या.

आमची गल्ली सक्करदऱ्यातली. इथे वाजवायला कारण लागत नाही. लग्न, गणपती, मारबत, कोणाच्या पोट्ट्याचा पहिला वाढदिवस, काहीही चालतं. आणि वाजवायचं म्हणजे धुमाल. तुम्ही नागपूरबाहेरचे असाल तर सांगते: एका टेम्पोवर ढोल, ताशे, एक कॅसिओ आणि मांडणीवरची भांडी खाली येतील असे भोंगे, या सगळ्याला मिळून धुमाल म्हणतात. मी गणिताची मास्तरीण. दिवसभर शाळेतला कलकलाट ऐकून घरी आलेल्या बाईला धुमाल म्हणजे काय वाटतं ते तुम्हीच समजा. आवाज वाढला की पोलिसांना फोन लावणारी गल्लीतली एकटी बाई मी. माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणोत बापडे.

तर अशा मला एका रविवारी काकू म्हणाल्या, "मॅडम, चाल वं. धुमाल ठरवाले जाऊ."

"कोणाचं लग्न आहे, काकू?"

"लग्न कायचं? माही वरात काढाची आहे. घाटापर्यंत."

मी खाली बसले. काकूंनी मला पाणी दिलं आणि सगळं सांगितलं, तेही हसत हसत. नव्या नवरी असताना दिराच्या वरातीत त्या चार पावलं नाचल्या होत्या. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पाय आवर वं! सून आणली का नाचणारीण आणली?" काकूंनी पाय आवरले ते आवरलेच. "म्हटलं, ठीक आहे. जित्तेपणी तुमचं ऐकते. मेल्यावर माहे पाय कोण आवरते?"

"पण मेलेलं माणूस नाचणार कसं?"

काकूंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "गणित शिकवते न तू? खालचे चार जण नाचले त वरची काहून नाही नाचणार?"

मीच का, या प्रश्नालाही त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. "ज्याले धुमाल आवडते, तो त्या दिवशी नाचत बसन. काम कोण पाहीन? तुले आवडत नाही, तूच बरी."

धुमालवाला भाऊ दुकानात ताशाला ताण देत बसला होता. गिऱ्हाईक पाहून त्याने स्टुलावरचा पंखा आमच्याकडे वळवला.

"या, या! वरात कोणाची?"

"माही," काकू म्हणाल्या.

त्याने आधी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अन् नवरदेव?"

"तो अगोदरच पोहचला."

"तारीख?"

"वरून येईन."

बिचाऱ्याला उलगडा व्हायला जरा वेळ लागला. झाला तेव्हा त्याने कानाला हात लावले, जीभ चावली आणि मग तोंडात रुमाल कोंबून हसला. त्या दिवसापासून तो काकूंचा भक्त झाला.

चाल निवडणं मात्र सोपं नव्हतं. काकू साडी घेताना दुकानदाराला रडवतात, तशाच इथेही बसल्या. आधी भजनाची चाल वाजली. "ह्यानं त खांदेकरी झोपून जातीन." मग वरातीतली उडती चाल. "ह्यानं मी पडन." तिसरी संथ होती, ती ऐकून म्हणाल्या, "ही त कोणी मेल्यासारखी वाजते." शेवटी त्याने सहज मारबतीचा ठेका धरला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे मोठे पुतळे मिरवत नेतात, रोगराई आणि इडापीडा घेऊन जा म्हणून ओरडतात, त्या मिरवणुकीतला तो ठेका. काकू खुर्चीसकट दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत सरकल्या.

"हाच!"

"आजी, हे त इडापीडा घालवाची चाल आहे."

"मंग मी काय राहाले चालली का गा?"

"काळी मारबत का पिवळी?" भाऊही आता रंगात आला होता.

"पिवळी. मी गोरी आहो."

ही बातमी गल्लीत पसरली आणि जो तो आपापल्या शेवटाचं गाणं निवडू लागला. किराणा दुकानासमोर रोज संध्याकाळी याचीच चर्चा. दुकानदार म्हणाला, माझ्या वेळी सनई लावा. त्याची बायको आतून ओरडली, "मी मिक्सर लावन! जिंदगीभर त्याच्यावरच खेकसले तुम्ही!" मला विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं की माझ्या वेळी कोणी नुसतं शिंकलं तरी मी उठून बसेन. काकू म्हणाल्या, "मंग त शिंकलंच पाहिजे."

असे ते दिवस होते. मरणावर इतकं हसलेलं मी कुठे पाहिलं नाही.

हसत नव्हता तो फक्त काकूंचा मुलगा. बुटीबोरीच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. घरात शिरला की बूट काढायच्या आधी गॅसची नळी हुंगतो. स्वतःच्या वरातीत हा नवरदेव नाचायचं सोडून रस्त्यावर उभा राहून ट्रॅफिक आवरत होता, मी डोळ्यांनी पाहिलंय. आईवर जीव इतका की त्या न्हाणीघरात गेल्या की हा बाहेर उभा राहून "आई, फरशी ओली आहे" म्हणणार. धुमालचं ऐकून तो म्हणाला, "खांद्यावर वजन असताना कोणी नाचते का? तोल जाईन. अपघात होईन."

"मी मेलेली राहीन, पोट्ट्या. अजून काय होईन मले?"

शेवटी काकूंनी ट्रायल घ्यायचं ठरवलं. गल्लीच्या ग्रुपवर आवाज भरून पाठवला: "उद्या सकाळी माह्यासाठी खांदा द्याले चार जण या. चहापोहे भेटतीन." आणि तो गेला माहेरच्या ग्रुपवर. नेहमीप्रमाणे. आम्हाला कोणालाच याचा पत्ता नाही, कारण त्यांनी गल्लीतल्या चौघांना गेटवरून हाका मारून पुन्हा सांगितलंच होतं.

सकाळी किराणावाल्याची शिडी आडवी केली, तिच्यावर गादी बांधली आणि काकू वर बसल्या. मुलाने एकच अट घातली होती, म्हणून डोक्यावर कारखान्याचं पिवळं हेल्मेट. दुकानदार ताडासारखा, बाकीचे तिघे बेताचे, त्यामुळे काकू एका बाजूला कलंडलेल्या. मी मोबाइलवर ठेका लावला. काकू वरून हात हलवत निघाल्या.

तेवढ्यात कोपऱ्यावर काकूंचे धाकटे भाऊ दिसले. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. नरखेड तालुक्यात त्यांची संत्र्याची बाग आहे आणि त्यांना कमी ऐकू येतं. पहिल्या एसटीने आले होते. काखेत पांढरं कापड, हातात संत्र्यांची थैली, आणि रडून रडून डोळे सुजलेले. त्यांनी शिडीवर बसलेली बहीण पाहिली. थैली सुटली, संत्री गल्लीभर घरंगळली.

"काहून वं!" मामा ओरडले. "बसून काहून राहिली? पड ना!"

चौघांचे खांदे हसून असे गदगदा हलायला लागले की काकू खरोखरच नाचल्या. मामांना खाली बसवून, कानात ओरडून सगळं सांगावं लागलं. "पण मामा, मेसेज तर काकूंच्याच आवाजात होता ना?" मी विचारलं.

"मले वाटलं, अगोदरच भरून ठेवला असन. इचा काही भरोसा नाही. अन् डोक्शावर ते टोपलं कायचं आहे?"

हसून हसून माझं पोट दुखायला लागलं. पण चौघांचे पाय काही जुळत नव्हते. काकू वरून म्हणाल्या, "समोर कोणी नाही न, म्हणून. मडकं धरणारा जसा चालते, तसे मागचे चालतात. पोट्ट्या, ते पाण्याचं मडकं घे अन् समोर हो."

मुलगा जागचा हलला नाही. "आई, तू जित्ती असताना मी मडकं नाही धरत," एवढं म्हणून तो आत गेला आणि दार लावून घेतलं.

काकू उतरल्या, पोहे वाढायला गेल्या. हेल्मेट काढायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

सगळे गेल्यावर आम्ही दोघी गेटजवळ बसून मामांची संत्री सोलत होतो. काकू खाली पाहूनच बोलल्या. "तुले खरं सांगू, मॅडम? नाचाचं त मले आहेच. पण याचा बाप गेला न, तेव्हा हा मडकं घेऊन निघाला आणि रस्त्यात खालीच बसला. उठवला, चार पावलं चालला, पुन्हा बसला. पाय उचलेचना. बगलेत हात घालून नेला माह्या पोट्ट्याले. घरी आला त मी होती. आता मीच जाईन त घरी कोण आहे?" बायको नांदली नव्हती, त्याला दुसरं कोणी नव्हतं, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. "ठेका असला की पाय पडतात वं. रडता रडताही पडतात. म्हणून धुमाल. तो बंद करा म्हणन. तू बंद होऊ नको देजो."

माझ्या डोळ्यांना धार लागली. काकूंनी माझ्या तोंडात संत्र्याची फोड कोंबली. "रडू नको. बी थूक."

काकू गेल्या त्या ऐन लग्नसराईत. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. मी धुमालवाल्या भाऊला फोन केला. तो पलीकडच्या वस्तीत वरात वाजवत होता. "आजींची बुकिंग जुनी आहे," असं म्हणत त्याने त्या नवरदेवाच्या वरातीला आपल्या साडूची पार्टी लावून दिली आणि स्वतःची पोरं घेऊन तसाच आला. लाल कोट, तुऱ्याचे फेटे. गल्लीत टेम्पो वळला तेव्हा दारात तिरडी बांधणं चालू होतं.

काकूंचे चुलत दीर गरजले, "मयतीत धुमाल? लाजा वाटतात का? मॅडम, तुम्ही लावा पोलिसांना फोन!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलानेही पाहिलं. त्याच्या हातात मडकं होतं. "धुमाल नको, मॅडम," तो म्हणाला. "बंद करा."

मी आयुष्यात पहिल्यांदा भर रस्त्यात ओरडले. "वाजवा रे!"

ताशा कडकडला. चौघांनी तिरडी उचलली, तोच दुकानदार आणि तेच तिघे. मुलगा दोन पावलं चालला आणि उभा राहिला. आता बसतो की काय, म्हणून मी पुढे झाले. मग त्याचा एक पाय पडला. मग दुसरा. ठेक्यात? छे! त्याला कुठला ठेका! ढोल एकीकडे, याचे पाय भलतीकडे. मागचे चौघे त्याच्या पायांकडे पाहून चालणार, त्यांचा आणखी घोळ. टेम्पोवरून धुमालवाल्या भाऊने ते पाहिलं आणि ताशेवाल्याच्या पाठीवर थाप मारली. "त्याच्या पायावर वाजव बे!" तेव्हापासून धुमाल त्या पोराच्या मागे चालली. तो थबकला की ढोल थांबायचा, तो पाऊल टाकणार की ढोल पडायचा.

एका वळणावर बायका एकदम ओरडल्या. मुलाने मान वळवली. मडकं धरणाऱ्याने मागे पाहायचं नसतं. मामा धावले, "मागे पाहू नको, बे!"

त्याने पाहिलं. दुकानदाराच्या उंचीने तिरडी एकीकडे उचललेली, दुसरीकडे झुकलेली, डावीकडे जातेय, उजवीकडे येतेय, झेंडूचे हार उसळताहेत. 'सांभाळा' म्हणायला त्याने तोंड उघडलं, मला दिसलं ते. पण नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असताना तो पोरगा खदखदून हसला.

"मॅडम, पाहा न!" तो धुमालच्या वर ओरडला. "आई नाचून राहिली!"

मग तो वळला आणि चालू लागला, तसाच, वाट्टेल तसे पाय टाकत. घाटापर्यंत तो कुठेही बसला नाही.