सूक्ष्मदर्शक घेऊन खर्ड्याच्या वाटेवर

"विषय सोडून द्या," असं सर म्हणाले, माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि म्हणून हा प्रवास घडला. भर उन्हाळ्यात जामखेड तालुक्यात कशाला तडमडलीस, असं जो तो विचारतो. त्याचं खरं उत्तर एवढंच आहे.

मी पुण्याला प्राणिशास्त्र शिकते आणि एम. एस्‌सी.साठी नारूवर संशोधन करते. ज्यांनी नारू पाहिलेला नाही ते नशीबवान. पायाची आग होते, फोड येतो, फोड फुटतो आणि आतून दोऱ्यासारखा लांबच लांब किडा डोकं बाहेर काढतो. रोगी आग शमवायला पाण्यात पाय घालतो आणि किडा तिथं आपली पिल्लं सोडतो. पाण्यात सायक्लोप्स नावाचा ठिपक्याएवढा जीव असतो, तो ती पिल्लं गिळतो. ते पाणी आपण प्यायलो की वर्षभरानं आपल्या पायातून नारू निघतो. पाणी फडक्यानं गाळून प्यालं तर सायक्लोप्स फडक्यावर अडकतो, हे पुस्तकात आहे. खेड्यात तसं घडतं का, हे शोधायचं, हा माझा विषय.

मागच्या उन्हाळ्यात सरांबरोबर आम्ही चार विद्यार्थी तिकडच्या एका गावात गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही. नारूचं गाव म्हणून बोलबाला झाला की तिथं मुली द्यायला लोक कचरतात. तिथं मी घरोघर हिंडले. गाळून पिणाऱ्या घरांत नारू नव्हता, फक्त एक घर आडवं आलं. आमिनाबी तांबोळीण, नवरा वारलेला, विड्याची पानं विकून घर चालवते. तिच्याइतकं नेमानं पाणी गाळणारी बाई पंचक्रोशीत नाही, आणि तिच्याच लेकीच्या, झुबेदाच्या, पायाला नारू.

"सिद्धांत मोडायला एक घर पुरतं, मिस बर्वे," सर यंदा म्हणाले. "ह्या सुट्टीत त्या घराचा उलगडा झाला तर ठीक, नाहीतर विषय वागळ्यांना देतो. त्यांना एकट्यानं फिरता तरी येईल." वागळे माझ्या मागच्या बाकावर बसतो आणि बेडूक फाडताना डोळे मिटतो. पण फिरता येतं म्हणे त्याला.

एकटीला जाऊ देणार नाही म्हणून घरी दोन दिवस आदळआपट झाली. शेवटी मावशी उठली, ट्रंकेत दोन लुगडी टाकली आणि म्हणाली, "मी जाते हिच्याबरोबर. मलाही तो किडा बघायचाय." प्रवासात सोवळं नसतं, हा निकाल तिनं दौंडच्या फलाटावरच देऊन टाकला. माझी मावशी अशी आहे.

आता जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. पुण्याहून दौंड, दौंडला गाडी बदलून नगर. दौंडला हमाल करा, स्वतः ओझी वाहण्याचा शहाणपणा करू नका, मी केला आणि खांदा धरून बसले. नगरहून जामखेडला सर्व्हिस मोटार जाते. लढाईमुळे पेट्रोल नाही, त्यामुळे मोटारीच्या मागं कोळशाची भट्टी बसवलेली. चढ आला की क्लीनर खाली उतरून भट्टीत सळई खुपसतो आणि उतारू खाली उतरून चालतात. सुट्टे पैसे घरूनच न्या. नाणी बाजारातून गडप झालीयेत आणि कंडक्टर उरलेल्या आण्यांच्या बदल्यात भुईमुगाच्या शेंगा देतो. शेंगा चांगल्या होत्या, तक्रार नाही. मोटार भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरली तरी लगेच सुटत नाही, तेव्हा दशम्या आणि पाणी जवळ ठेवा.

मध्ये मोगलाई लागते. कड्याला आणि आष्टीला निजामाचं राज्य, म्हणून नाक्यावर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, कारकून सामान उघडून बघतो. माझी लाकडी पेटी बघून त्याचे डोळे चमकले.

"इसमें क्या है, बाई?"

"सूक्ष्मदर्शक," मी म्हणाले. त्याला ते कळेना.

"किडे बघायची दुर्बीण," मावशी म्हणाली. "तुमच्या हद्दीत किडे आहेत का? मग बघू द्या तिला."

त्यानं स्वतःच्या दाढीचा केस काचेखाली ठेवायला लावला, नळीला डोळा लावला आणि बराच वेळ हलला नाही. मागं उतारू बोंब मारायला लागले तेव्हा कुठं उठला. जकात घेतली नाही. परत येताना थांबा म्हणाला, घरच्यांना दाखवायचंय. ज्या यंत्रासाठी कॉलेजात मला तीन अर्ज करावे लागले, ते ह्या गृहस्थाला पहिल्याच भेटीत आवडलं.

जामखेडला मुक्काम करून पहाटे बैलगाडी केली. खर्ड्याचा किल्ला बघायला लोक जातात ती हीच वाट. आमचं गाव किल्ल्याच्या बरंच अलीकडे. दोन्हीकडे नांगरून पडलेली रानं, मध्येच एखादं लिंबाचं झाड, आणि ऊन असं की मावशीनं वाटेत एकदाही कोणाला नावं ठेवली नाहीत. शाळेला सुट्टी होती, मास्तरांनी एक खोली झाडून दिली. पिठलं-भाकरी गावात कुठंही मिळते, तिखट जपून.

गावाला पाणी एका बारवेचं. पायऱ्यांची जुनी विहीर, उन्हाळ्यात पाणी तळाला जातं आणि बायका पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उतरून घागर बुडवतात. मी पोचले त्या सकाळीच एक बाई मला बघून दुसरीला म्हणाली, "आली बग पान्याची मास्तरीन. आमिनाबीला इचार म्हनावं गाळून काय झालं ते. लेकीच्या पायात यंदा पुन्ना निघालाय."

"व्हय ना. मी तर सोडूनच दिलंय गाळायचं," दुसरी म्हणाली. "फडकं धुवायचा ताप नुसता."

विषय जाणार ते जाऊ दे, पण गावानं त्या एका घराकडं बोट दाखवून गाळणंच सोडलं होतं.

आमिनाबीच्या अंगणात झुबेदा बाजेवर पाय सोडून बसली होती. घोट्याजवळून निघालेलं नारूचं टोक काडीला गुंडाळून वर चिंधी बांधलेली. रोज काडीला थोडा थोडा पीळ द्यायचा, एवढाच उपाय. घाई केली आणि किडा आत तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने अंथरूण धरतो. मावशीनं तिच्याजवळ बसून काडी बघितली आणि पदरानं तिच्या पायावरच्या माश्या वारायला लागली.

"आलीस व्हय," आमिनाबी म्हणाली. "बग आता तुजं शास्तर. सारं गाव हसतंय मला."

"मग गाळायचं सोडलं नाही तुम्ही?"

"का सोडू? माज्या नवऱ्यानं पुण्यात मिशनच्या दवाखान्यात चाकरी केलेली. त्यो सांगून गेला, पानी गाळूनच प्यायचं. लोक हसले म्हनून मी घान प्यावी व्हय?"

मला तिथल्या तिथं तिच्या पाया पडावंसं वाटलं.

पहिल्या दिवशी मी चूक शोधायला बसले आणि चूक सापडली नाही. फडकं जाड, जुन्या लुगड्याचं, दुपदरी शिवलेलं. भोक नाही, उसवलेलं नाही. तिनं धुतलेल्या रिकाम्या रांजणाच्या तोंडावर ते ताणून बांधलं, घागर ओतली, वर हिरवट गाळ राहिला. रांजणातलं पाणी मी काचेच्या नळीत घेतलं, आरशानं ऊन पाडलं आणि सूक्ष्मदर्शकातून तपासत राहिले. एक सायक्लोप्स नाही. मान आखडली. म्हणजे पाणी चोख, घर चोख आणि तरी नारू. माझा सिद्धांत बुडाला आणि विषय वागळ्याच्या घशात गेला, असं धरून मी त्या दुपारी शाळेच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले. रडले, खोटं कशाला सांगू.

"आता भिंतीत काय सापडणार आहे?" मावशी म्हणाली. "तू तिची एक घागर बघून उठलीस. ती बाई दोन आणते. जेवताना पहिला घास बघून कोणी स्वयंपाकाचा निकाल देत नाही."

दुसऱ्या दिवशी मी उठलेच नाही तिच्या अंगणातून. आमिनाबीनं पहिली घागर ओतली. फडकं सोडलं, झटकलं. त्यावरचा हिरवा थर बघून तोंड वाकडं केलं. आणि मग फडकं उलटं केलं. गाळाची बाजू खाली, कोरी बाजू वर. ताणून बांधलं आणि दुसरी घागर ओतली.

"आमिनाबी, उलटं का केलं?"

"मग? घानीवर पानी ओतू? सोच्छ बाजूवर ओतावं की."

चूक सापडली. झटकून घाण जाते, सायक्लोप्स जात नाही, ओल्या फडक्याला चिकटून जिवंत राहतो. दुसरी घागर वरून पडली की तो धुऊन थेट रांजणात. पहिल्या घागरीत अडवलेले सगळे दुसऱ्या घागरीनं आत सोडले. आळशी बाईनं हे कधी केलं नसतं, तिनं तेच फडकं तसंच ठेवून वर दुसरी घागर ओतली असती आणि तिच्या घरात नारू आला नसता. आमिनाबीची चूक तिच्या टापटिपीतून आली होती.

मी नळीत रांजणातलं पाणी घेतलं. उन्हात धरलं तर नुसत्या डोळ्यांना पांढरे ठिपके उड्या मारताना दिसले. काचेखाली त्यातल्या एकाच्या पोटात वेटोळं करून पडलेली अळी वळवळत होती. मी चित्र काढलं आणि मग आमिनाबीला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला.

तिनं बघितलं. मागं सरली. पुन्हा बघितलं.

"हे माज्या रांजनातलं?"

"तुमच्याच."

"ह्या हातांनी पाजलं मी पोरीला." ती खाली बसली. झुबेदा म्हणाली, "अम्मा, असू दे ना," पण ती ऐकेना. मावशी तिच्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून राहिली.

थोड्या वेळानं आमिनाबी आपली आपणच उठली. सुई आणि लाल दोरा आणला आणि फडक्याच्या एका बाजूला ठसठशीत टाका घातला. "ही बाजू वरच. मरेस्तवर वरच," म्हणाली. मग चुंबळ डोक्यावर ठेवून बारवेकडे निघाली, मी पेटी घेऊन मागं. पायऱ्यांवर उभी राहून तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माजं चुकत हुतं, गाळन्याचं न्हाई. या माज्या अंगनात, डोळ्यांनी बगा." पहिल्या सकाळी बारवेवर टोमणे मारणाऱ्या दोघीच आधी आल्या. दुपारपर्यंत अंगणात रांग लागली आणि लाल दोरा संपला.

निघायच्या आदल्या दिवशी मला तिला एक गोष्ट सांगणं भाग होतं. आजवर पोटात गेलेला नारू अजून निघायचाच आहे. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या घरात पुन्हा कोणाच्या तरी पायातून तो निघेल, टाका घातला तरी.

"म्हंजी आनखी एक वरीस हसत्याल," ती म्हणाली.

"हो."

"आन ह्या बाया पुन्ना गाळायचं सोडत्याल."

"सोडतील, कोणी समजावून सांगितलं नाही तर."

"मग तू यायचं. मी बोलून बोलून दमले, पोरी. म्या सांगितलं तर म्हनत्याल, सोताची लाज झाकती. तू यायचं आन सांगायचं."

"येते," मी म्हणाले.

परतीचं काही सांगत नाही. रस्ता तोच, भट्टी तीच. नाक्यावर कारकुनाची बायको, आई आणि तीन मुलं वाट बघत होती, त्यांनी आम्हाला चहा पाजला. मावशी पुण्याला उतरल्यावर शेजारणींना नारूची इतकी साग्रसंगीत वर्णनं करायला लागली की आळीत चार घरांनी पाणी गाळायला सुरुवात केली.

सरांनी माझं चित्र पाहिलं, टिपणं वाचली, चष्मा काढून पुसला. "उलगडा पटण्यासारखा आहे," ते म्हणाले. मी श्वास सोडणार तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. "आता हे सिद्ध व्हायला दोन उन्हाळे जावे लागतील. तिथलं काम वागळे करतील. तुम्ही इथं बसून व्यवस्थित लिहून काढा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

"सर, पुढच्या उन्हाळ्यात त्या घरात नारू निघणार आहे. गाव म्हणेल, बघा, काही उपयोग झाला नाही. त्या दिवशी त्या अंगणात मला उभं राहायचंय."

"आणि मी परवानगी दिली नाही तर?"

"तर तुमची विद्यार्थिनी म्हणून जाणार नाही. आमिनाबीची पाहुणी म्हणून जाईन. नारू विद्यार्थिनीला आणि पाहुणीला सारखाच दिसतो."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुढचा कागद ओढला. विषयांच्या यादीत माझं नाव राहिलंय की वागळ्याचं आलंय, मला ठाऊक नाही, मी विचारायलाही गेले नाही. लोक विचारतात, काय मिळवलंस तिकडे जाऊन? एक चित्र मिळवलं, आणि कोणाच्या तरी पायातला किडा माझ्या जिवाला लागला, तो काही निघत नाही. चैत्र लागला की मी निघणार. यंत्र मिळालं नाही तर साधं भिंग नेईन, तेवढ्यानंही ठिपके दिसतात. कोणाला बरोबर यायचं असेल तर बैलगाडीत दोघांची जागा आहे. येते, असं मी आमिनाबीला सांगितलंय, आणि ते सरांना विचारून सांगितलेलं नाही.