सुमेधच्या नावाचा चषक

सुमेध गेल्याची बातमी आली तेव्हा आम्ही मुली कोर्टवर सकाळची प्रॅक्टिस करत होतो. मुलांची टीम यायची होती आणि तिच्यात तोही. शनिवारी घरी गेला की सोमवारी आलापल्लीच्या रस्त्यानं मोटरसायकलवर तो थेट कोर्टवरच यायचा, बुटांच्या नाड्या हँडलला बांधून. त्या सोमवारी खेळाच्या सरांना फोन आला आणि सर फोन कानाला धरूनच खाली बसले. पहाडावरून खनिज घेऊन उतरणाऱ्या ट्रकनं त्याला मागून उडवलं होतं... दुपारपर्यंत मात्र गावभर वेगळंच पसरलं, मोटरसायकल घसरली म्हणून. पावसाळ्यात चिखलातून गाडी सरळ काढणारा मुलगा कोरड्या ठणठणीत रस्त्यावर आपला आपण घसरला म्हणे.

राज्यशास्त्र त्याचा विषय होता आणि बास्केटबॉल त्याचं वेड. प्रॅक्टिस संपली की गेटसमोरच्या टपरीवर चहाचा ग्लास हातात घेऊन तो दोन्हींची खिचडी शिजवायचा. मंत्रिमंडळ बदललं की त्याला दुपारभर पुरायचं. आपल्या खेळात चेंडू न आपटता पावलं टाकली की लगेच शिट्टी वाजते, पण आमदार रात्रीतून पक्ष बदलून दुसऱ्या राज्यात मुक्काम ठोकतात तेव्हा पंच कुठं झोपतो, हा त्याचा आवडता प्रश्न. एक पाय जागेवर रोवून चारी बाजूंना फिरता येतं, तो आपल्या खेळातला नियम नेत्यांनी उचलला, असंही म्हणायचा. त्यांचा रोवलेला पाय तेवढा खुर्चीवर असतो. मी कुरखेड्याची, धानशेतीच्या घरातली, राजकारणाचा मला कंटाळा. मी तसं म्हटलं की तो चिडायचा नाही. म्हणायचा, "तुले कंटाळा येते ना, तेच पाहिजे त्याईले."

आमच्या कॉलेजचं कोर्ट म्हणजे गावातली एकमेव सपाट, सिमेंटची जागा. त्यामुळे कोणी बडा नेता येणार असला की सभा तिथंच. बिछायतवाले येतात, सिमेंट फोडून मंडपाचे खांब रोवतात आणि सभा संपली की खांब उपटून नेतात. खड्डे आमच्याकडं राहतात. ते आम्हाला इतके पाठ झालेत की चेंडू आपटताना हात आपोआप वळतो. बाहेरून आलेल्या टीमचा चेंडू हमखास खड्ड्यात पडून भलतीकडं उडतो आणि आम्ही जिंकतो. सुमेधनं प्रत्येक खड्ड्याला त्या त्या सरकारचं नाव दिलं होतं. नवीन मुलगी खेळायला आली की तिला ओरडून सांगायचा, "तिकडून नोको जाऊ, तिथी मागचं सरकार हाये." आम्ही हसून लोटपोट व्हायचो. आता ते आठवलं की हसू येत नाही, संताप येतो.

कारण ट्रक होता. रस्त्याकडेच्या धाब्यावरच्या दोघांनी तो पाहिला होता, पुढं नंबरप्लेट नव्हती हेही पाहिलं होतं. सुमेधच्या मोठ्या बहिणीला त्यांनी तसं सांगितलं. दोन दिवसांनी तीच माणसं म्हणाली, आम्ही त्या वेळी आत होतो. पोलिसांत नोंद झाली ती गाडी घसरल्याची. मागचं चाक पार चेपलं होतं, ते कोणाला दिसलं नाही.

मग शोकसभा ठरली. आमच्या भागातले साहेब येणार म्हणून बिछायतवाल्यांनी आदल्या दिवशी मंडप टाकला, कुठं, तर कोर्टवर. पोरगा ज्या रिंगखाली वाढला तिथंच त्याच्या शोकासाठी त्यांनी नवे खड्डे पाडले. साहेबांच्या भल्यामोठ्या फोटोपुढं बॅनरवरचा सुमेध शाळकरी पोरासारखा दिसत होता. त्याच्या घरी बुद्धवंदना होते, तरी कोणीतरी फोटोच्या कपाळाला कुंकू लावलं. साहेब गहिवरून बोलले. असा खेळाडू होणे नाही म्हणाले, आणि आचारसंहिता लागायच्या आत त्याच्या नावानं चषकाची स्पर्धा भरवायचं जाहीर करून टाकलं. ट्रकचा उल्लेख नाही. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजतात हे मी पहिल्यांदा पाहिलं.

त्यांच्या मागून सुमेधच्या आईला दोन शब्द बोलायला उभं केलं. मावशी अंगणवाडीत सेविका आहेत, लोकांपुढं बोलायची त्यांना सवय आहे. माईक हातात घेऊन त्या साहेबांकडं वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "साहेब, कप राहू द्या. ट्रक कोणाचा होता ते सांगा." साहेबांनी मान हलवली, शेजारच्या माणसाच्या कानात काही म्हटलं, आणि सूत्रसंचालकानं राष्ट्रगीताची सूचना दिली. राष्ट्रगीत सुरू झाल्यावर कोण काय बोलणार? मावशीसुद्धा सावधान उभ्या राहिल्या.

चषक भरलाच. पहिली मॅच आमची, चंद्रपूरच्या मुलींशी. मुलींचा फोटो पेपरात बरा येतो म्हणून. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, तुम्ही त्याच्या मैत्रिणी, तुम्ही खेळलात तर त्याच्या आत्म्याला शांती मिळेल. आम्ही मुली मावशींकडं गेलो. खेळायचं की नाही, विचारलं. सुमेधला हे कोर्ट प्राणाहून प्यारं होतं, त्यामुळं आमचंही ठरत नव्हतं. मावशी पोहे करत होत्या. म्हणाल्या, "बायांनो, खेळू नोका असं मी काऊन म्हणू? पण तुमी खेळल्या का, ते म्हणतील प्रकरण मिटलं."

आम्ही परत निघालो तेव्हा ठरलं होतं. सकाळी चंद्रपूरच्या कॅप्टनला मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि आपल्या पोरींना एका बाजूला नेलं.

चेंडूला हळद-कुंकू लावलं, नारळ फुटला. साहेब बूट काढून कोर्टच्या मध्यभागी आले आणि फोटोवाल्यांकडं बघत त्यांनी चेंडू वर उडवला. चंद्रपूरची एक आणि आमची मी, दोघी समोरासमोर उभ्या होतो. आम्ही उडी मारली नाही. चेंडू खाली आला, आपटला, दोनदा उसळला आणि गडगडत कडेला गेला. दहाजणींपैकी कोणीही हलली नाही. साहेब हसले, पोरी घाबरल्या म्हणाले, आणि पुन्हा उडवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी चेंडू उडवला नाही. तो हातात धरून त्यांनी पहिल्या रांगेकडं पाहिलं. तिथं मावशी बसल्या होत्या, त्यांच्याकडंच बघत.

प्राचार्यांनी आम्हाला वर्षभर खेळायला बंदी केली आहे. तो चेंडू खेळाच्या सरांनी गुपचूप माझ्या हवाली केला, खोलीवर माझ्या कॉटखाली आहे. कुंकू अजून तसंच आहे, मी पुसलेलं नाही. ट्रक कोणाचा होता हे ज्या दिवशी कोणी तोंडानं सांगेल, त्या दिवशी तो बाहेर काढीन, आणि वर उडवायला मावशींना बोलावीन.