ताटलीतला चतकोर

उदगीर स्टेशनात हैदराबादची गाडी लागली तरी अव्वा, म्हणजे माझी आई, बाकावरून उठली नाही. अण्णानं, माझ्या भावानं, बॅगा डब्यात चढवल्या, वहिनीनं भाकरी-चटणीचं गाठोडं हातात दिलं. अव्वा बसल्या जागेवरून एवढंच म्हणाली, "तिथं तुझ्या पंगतीला कोण हाय गं?" गाडी सुटायला आली होती. "बघते," म्हटलं आणि चढले.

तुम्हा ओळखीच्यांपैकी बऱ्याच जणांना तेव्हा वाटलं की बाईचं डोकं फिरलं. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, चाळिशी उलटलेली, डाळमिलमध्ये माल तपासायची बरी नोकरी, आणि ही निघाली स्पेनला! कारण साधं होतं. आमच्या मिलकडून काबुली चणे घेणाऱ्या सेव्हियाच्या कंपनीला चण्यातलं कळणारं माणूस हवं होतं. मला बदल हवा होता. यापलीकडं त्यात काही नव्हतं.

जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना पहिल्या वर्षाचं वेगळं सांगायला नको. कामावरची पिलार मला पहिल्यांदा तापास खायला घेऊन गेली. छोट्या छोट्या ताटल्या मधे ठेवायच्या, सगळ्यांनी त्यातलंच थोडं थोडं खायचं आणि दुपार कलेपर्यंत बोलत बसायचं, अशी ती पद्धत. पिलारनं ताटली पुढं केली. मी आपल्या रीतीनं "नको" म्हटलं. आपल्याकडं पहिल्या नकोला कोण विचारतं? इथं विचारतात. ताटली पुढं गेली ती गेलीच. घरी येऊन भात टाकला. पुढच्या वेळेपासून सरळ हो म्हणायला लागले, तेव्हा पोटही भरलं आणि ओळखीही झाल्या.

गेल्या हिवाळ्यात अव्वा आली. येण्याआधी अण्णानं फोनवर सांगून टाकलं, "ती तुला घेऊन यायलाच निघालीय. परतीचं तिकीट एक काढू का दोन, ते तिलाच विचारतो." इकडं कंपनीनं मला नुकतंच कायम केलं होतं. या वयात मला कुणाची परवानगी लागत नाही, हे खरं. पण अव्वा नाराज होऊन परत गेली असती तर माझी नोकरी टिकली असती, झोप टिकली नसती. तिच्या तोंडून हो यायला हवं होतं.

पहिले काही आठवडे ती घरीच राहिली. बाहेरचं खायचं नाही, हा तिचा जन्माचा नेम. एका रविवारी मीच म्हटलं, "चल, खाऊ नको, नुसती बस."

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर अंतोनियोचं हॉटेल आहे. बाहेर चार टेबलं, वर कडू संत्र्यांची झाडं. पिलार आणि तिचा नवरा राफा आधीच बसले होते. खालच्या मजल्यावरची कार्मेन बहिणीकडून थेट येणार होती. मी सगळं शाकाहारी मागवलं: तिखट रश्शातले बटाटे, मधातले वांग्याचे तळलेले काप, ऑलिव्ह, आणि पालक घालून शिजवलेले चणे.

अव्वानं ताटल्यांकडं बघितलं. "हे जेवायला वाढलंय का नैवेद्य दाखवलाय?"

"संपलं की दुसरं येतं, अव्वा."

"आन् सगळ्यांचे काटे एकाच ताटलीत? शिवशिव."

अंतोनियोनं तिला वेगळी ताटली दिली. पिलारनं आपला काटा लागायच्या आत त्यात चणे वाढले. अव्वानं वास घेतला, जिऱ्याचा. मग नेम मोडला. एक घास खाऊन म्हणाली, "येळवशीच्या भज्जीवानी हाय. बेसन लावलं न्हाई, म्हणून पातळ झालंय." येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमच्याकडं रानात पालेभाज्या आणि शेंगादाण्यांची बेसन लावून भज्जी करतात. मी भाषांतर केलं. पहिला अर्धा भाग अंतोनियोला फार आवडला. दुसरा मी गाळला.

थोड्या वेळानं अव्वा टेबलाकडं एकटक बघायला लागली. वांग्याचा एक काप उरला होता. बटाट्याची एक फोड. चण्यांचा एक चमचा. कुणीच हात लावत नव्हतं.

"हे लोक बी चतकोर ठेवतात व्हय?" ती म्हणाली.

आमच्या घरी भाकरीची दुरडी कधी मोकळी ठेवत नाहीत. एक चतकोर तरी ठेवायचा, मागून येणाऱ्यासाठी. इथली गोष्ट वेगळी. शेवटचा तुकडा उचलला तर हावरट दिसू, म्हणून कुणी उचलत नाही. त्याला नावच आहे, लाजेचा तुकडा. मी अव्वाला हे सांगणार, तेवढ्यात कार्मेन आली. लंगडत, धापा टाकत. खुर्ची ओढली आणि काही न विचारता तिन्ही ताटल्या साफ केल्या. पिलार आणि राफा हसले. लाजेच्या तुकड्याचं सांगायचं मी सोडून दिलं.

मग कार्मेन अव्वाकडं वळून खुणा करायला लागली. माझ्याकडं बोट, मग कपाळावर हात, डोळे मिटलेले, मग वाटी आणि चमचा. अव्वाला कळायला वेळ लागला नाही.

"तुला ताप आल्ता?"

"मागच्या वर्षी. थोडा."

"थोड्या तापात असं डोळे मिटून पडतात? सांगितलं न्हाईस."

"तू काय केलं असतंस तिथून?"

"मी न्हाई. इथं कुणी केलं?"

"हिनंच. तिच्याकडं माझ्या घराची किल्ली असते. रोज सूप घेऊन यायची."

अव्वानं कार्मेनला नीट न्याहाळलं. माझ्या मनात आलं, झालं, दोन तिकिटं. अंतोनियो चण्यांची नवी ताटली ठेवून गेला. अव्वानं ती उचलली, उठून उभी राहिली आणि कार्मेनला वाढायला लागली. कार्मेन म्हणाली, "नो, नो, ग्रासियास." अव्वानं आणखी एक चमचा घातला. कार्मेननं ताटलीवर हात आडवा धरला. अव्वानं तो हात बाजूला केला.

"ही ऐकत नाही का?" कार्मेननं मला विचारलं.

"तिसरा चमचा खाल्लास की ऐकेल."

कार्मेननं खाल्लं.

घरी जाताना अव्वा जिन्यात थांबली. "अण्णाला सांग, तिकीट एकच काढ म्हणावं." मग दोन पायऱ्या चढून, "आन् त्या कार्मेनबाईला बेसन लावायला शिकव."

आता अव्वा उदगीरला आहे. दर रविवारी तिचा फोन येतो तेव्हा आम्ही अंतोनियोकडं बसलेलो असतो. पहिला प्रश्न ठरलेला, "कार्मेनबाई जेवली का?" मी फोन ठेवला की कार्मेन विचारते, आईची तब्येत कशी आहे, भावाच्या रानात पाऊस झाला का. माझी चौकशी दोघी त्यानंतर करतात. घर कुठलं, असं तुम्ही मला विचारता, त्याचं माझ्यापाशी एवढंच उत्तर आहे. दोन्हीकडं माझा नंबर दुसरा लागतो, आणि मी निवांत जेवते.