सरळ रस्त्यावरचा हॉर्न

डोंगरातल्या टपालाच्या रस्त्यावर दोनशे चौदा वळणं होती. भाऊंनी ती पुन्हा पुन्हा मोजली होती, कारण आकडा जुळला की त्यांना उगाचच बरं वाटायचं. सव्वीस वर्षं मोटरसायकलच्या मागे टपालाची थैली बांधून ते त्या रस्त्यानं चढले आणि उतरले. कुठे खडी सैल आहे, कुठे झऱ्याचं पाणी रस्त्यावर येतं, कुठला ट्रकवाला रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखा मधोमध येतो, हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. बाकी सगळ्यांच्या लेखी ते टपालवाले भाऊ आणि त्यांची बायको वहिनी.

मग वहिनींच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. डोंगरातल्या घरी जायला एकशे चाळीस पायऱ्या होत्या आणि वहिनी शिवणकाम करायच्या, म्हणजे दिवसभर मशीनच्या पायडलवरही पायच. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाल्या, "पायऱ्या बंद. आजपासून." भाऊंनी दुसऱ्या दिवशी सपाटीवर बदलीचा अर्ज टाकला. त्या बाबतीत माणूस सोन्यासारखा. कुरकुर केली नाही, उपकार केल्याचा चेहराही केला नाही. कुरकुर सुरू झाली ती नव्या रस्त्यावर पहिल्यांदा गाडी घातल्यावर.

नवा मुलूख इतका सपाट होता की अंगणात बादली सांडली तर पाणी कुठे जायचं ते ठरवतच बसे. टपालाचा रस्ता बावीस किलोमीटर, आणि त्यात एकही वळण नाही. रस्ता आखणाऱ्यानं पट्टी ठेवली, रेघ ओढली आणि जेवायला निघून गेला असावा.

"याला गाडी चालवणं म्हणतात?" भाऊ पहिल्याच संध्याकाळी बूट काढता काढता म्हणाले. "हँडल धरून बसायचं नुसतं. त्यापेक्षा खुर्चीवर बसलो असतो."

"गुडघे कसे आहेत विचारा," वहिनी म्हणाल्या.

"कसे आहेत?"

"झकास."

भाऊंनी दुसरा बूट काढला.

जमीनही निराळी निघाली. डोंगरात सगळा कातळ, गाडी कुठेही स्टँडवर लावा. इथे माती लोण्यासारखी मऊ. पहिल्याच आठवड्यात भाऊंनी गाडी साइड स्टँडवर लावली, कुणाची तरी सही घ्यायला वळले, आणि मागे स्टँड सावकाश मातीत रुतून गाडी थैलीसकट आडवी झाली. तेव्हापासून भाऊ स्टँडखाली ठेवायला लाकडाची एक चपटी फळी डिकीत बाळगू लागले. फळी ठेवताना दर वेळी ते या प्रदेशाच्या नावानं बोटं मोडायचे.

असे अकरा महिने गेले. मग टपाल कचेरीत वर्गवारीच्या टेबलावरची जागा रिकामी झाली. बसून काम, पत्रं खणांत टाकायची, गाडीला हात लावायला नको. पोस्टमास्तरीणबाईंनी भाऊंना अर्ज दिला. जाड कागद, तीन प्रती, सोमवारी सकाळपर्यंत भरून द्यायचा. एकदा टेबल घेतलं की रस्ता दुसऱ्याचा, परत मागता येणार नाही, हेही त्यांनी बजावून सांगितलं.

भाऊंनी तिन्ही प्रती त्याच संध्याकाळी भरल्या, सही ठोकली आणि अर्ज शर्टाच्या खिशात ठेवला. वहिनींनी ते पाहिलं. गाडी विकायला काढायची हेही भाऊंनी जाहीर केलं, पण ते सांगताना त्यांचा आवाज थोडा बसला. वहिनींनी सुईत दोरा ओवला आणि इतकंच विचारलं, "तुम्हाला खरंच बसून काम करायचंय?"

"गंमतच नाही गं उरली," भाऊ म्हणाले. "गंमत वळणात असते."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, रेल्वेचं फाटक बंद होतं. फाटकवाला, मिश्यांना पीळ भरलेला गडी, आपल्या खोलीतून उतरून भाऊंजवळ आला आणि जरा लाजतच म्हणाला, "भाऊ, एक सांगू? माझी पंचवीस वर्षं नोकरी झाली, पण इतका मान मला कुणी दिला नाही."

"कसला मान?"

"रोजचा तो लांब हॉर्न! बाकीच्यांना तुम्ही आखूड देता. मला एकट्याला लांब. आमच्या मंडळींनाही सांगितलंय मी."

भाऊंनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. कारण झाला प्रकार त्यांच्या एकदम ध्यानात आला, आणि तो कबूल करण्यासारखा नव्हता. डोंगरात प्रत्येक आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्यावा लागतो. साध्या वळणाला आखूड, मोठ्या वळणाला लांब. सव्वीस वर्षं अंगठ्यानं ते इमानेइतबारे केलं होतं आणि बदलीचा हुकूम अंगठ्याला कुणी दाखवलाच नव्हता. भाऊंचं लक्ष नसताना तो आपला जुना रस्ता चालवत होता, नसलेल्या दोनशे चौदा वळणांना हॉर्न देत. जिथे सगळ्यात अवघड वळण यायचं, नेमक्या तेवढ्याच अंतरावर इथे फाटकवाल्याची खोली होती.

भाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा महिने आपण मोकळ्या रस्त्यावर पिपाणी वाजवत फिरतोय! गुरुवारी त्यांनी अंगठा हँडलखाली दाबून धरला आणि बावीस किलोमीटर चिडीचूप गेले.

शुक्रवारी त्याची फळं मिळाली. रस्त्यालगतच्या घरात एक म्हातारे घड्याळजी राहत. दृष्टी अधू झाल्यानं त्यांनी दुकान बंद केलं होतं, पण घरात अजून सतरा घड्याळं टिकटिकत होती. ते काठी टेकत कुंपणाशीच उभे होते.

"काल आला नाहीत?"

"आलो होतो की."

"मग हॉर्न? दहा वाजून वीस मिनिटांनी तुमचे दोन आखूड होतात आणि मी सगळ्या घड्याळांना चावी देतो. काल वाट बघत बसलो. चार घड्याळं बंद पडली."

पुढे रोपवाटिकेची मालकीणबाई हातातली झारी घेऊनच आडवी आली. "फाटकवाल्याला लांब आणि आम्हाला आखूड, तेही सोसलं. आता आखूडही नाही? आमचं काय चुकलं?"

आणि फाटकवाला तर बोललाच नाही. नुसता मिशी खाली करून उभा राहिला. भाऊंना ते सगळ्यात जास्त लागलं.

त्या संध्याकाळी त्यांनी वहिनींना सगळं सांगितलं. खरं म्हणजे नको असलेली एक खोड कशी सोडावी, याचा सल्ला त्यांना हवा होता. वहिनी आधी गालात हसल्या, मग तोंडावर पदर धरून हसल्या, मग मशीनवर डोकं टेकून हसल्या. हसून हसून त्यांची पुरेवाट झाली. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "रविवारी मला न्या. मला बघायचीत ही माणसं."

"तू? गाडीवर?" भाऊ थक्क झाले. डोंगरात वहिनी गाडीवर बसायच्या त्या नाइलाज म्हणून. बसल्या की भाऊंच्या शर्टाची मागची बाजू दोन्ही मुठींत घट्ट धरायच्या आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलायच्या नाहीत. भाऊंचा समज असा, की बायकोचा स्वभावच अबोल आहे.

रविवारी सकाळी निघाले. पहिल्या किलोमीटरला वहिनींनी सवयीनं शर्ट धरला. दुसऱ्या किलोमीटरला एक मूठ सुटली. तिसऱ्याला त्यांनी विचारलं, "ते पांढरे पक्षी कसले हो?" आणि तिथून जे तोंड सुरू झालं ते थांबेना. शेजारणीचा ब्लाऊज तीनदा उसवायला लागला, तो का. भाऊ दहा वर्षांपूर्वी घोरण्यावरून खोटं कसे बोलले होते. म्हातारपणी एक पेरूचं झाड लावायचं, ते कुठल्या बाजूला. भाऊ मान किंचित मागे करून ऐकत होते आणि उत्तरं देत होते. गाडी एका सुरात चालली होती, गियर बदलायचं कारण नव्हतं, ब्रेक मारायचं कारण नव्हतं. कान मोकळे होते. सव्वीस वर्षांत गाडीवर आपले कान कधी मोकळेच नव्हते, हे भाऊंच्या आज लक्षात आलं.

"तू डोंगरात कधी काही बोलायची नाहीस," ते म्हणाले.

"बोलणार काय? डोळे मिटलेले असायचे माझे. पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत. तो एवढा डोंगर, लोक लांबून बघायला यायचे म्हणे. मी तुमच्या पाठीशिवाय काही पाहिलं नाही."

भाऊंनी गाडीचा वेग थोडा कमी केला. त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. एवढी वर्षं ज्याला आपण गंमत म्हणत आलो, तिथे ही मागे जीव मुठीत धरून बसलेली होती.

मग दूरवर एक ठिपका दिसला. सरळ रस्त्यावर माणूस फार लांबून दिसू लागतो. ठिपक्याची काठी झाली, काठीजवळ घड्याळजी झाले. डोंगरात माणूस वळणावर दिसायचा आणि दिसेपर्यंत मागे पडायचा. इथे तो येत राहतो, ओळखायला वेळ देतो. भाऊंनी अंगठा मोकळा सोडला. दोन आखूड वाजले. म्हाताऱ्यानं काठी उंच केली आणि आत घड्याळांकडे वळला. रोपवाटिकेपाशी भाऊंनी मुद्दाम तीन आखूड दिले, तर बाईंनी झारीच हलवली आणि स्वतःला भिजवून घेतलं. वहिनी मागून सगळ्यांना हात करत होत्या, लग्नाच्या वरातीत असल्यासारख्या.

फाटकाजवळ भाऊंनी असा लांब हॉर्न दिला की तारेवरचे पक्षी उडाले. फाटकवाल्याची मिशी जागेवर आली. "वहिनी आल्यात? मग चहा घेतल्याशिवाय जायचं नाही!" तो आतूनच ओरडला.

भाऊंनी गाडी रस्त्याकडेला घेतली, स्टँड काढलं आणि डिकीत हात घातला. फळी नव्हती.

"फळी मी घेतली," वहिनी म्हणाल्या. "मशीनचा पाय डुगडुगत होता."

स्टँड मातीत उतरू लागलं. भाऊ एका हातानं गाडी तोलून धरत म्हणाले, "काहीतरी दे लवकर! चपटं, जाड!"

वहिनींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग त्यांची नजर भाऊंच्या शर्टाच्या खिशावर येऊन थांबली. भाऊंनीही खाली पाहिलं. गाडी आणखी थोडी कलली.

भाऊंनी अर्ज काढून वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी तिन्ही प्रती एकावर एक ठेवून दोन घड्या घातल्या, नखानं दुमड पक्की केली आणि शिवणाऱ्या बाईच्या सफाईनं गठ्ठा स्टँडखाली सरकवला. गाडी ठाम उभी राहिली.

सोमवारी सकाळी भाऊ थैली भरत असताना पोस्टमास्तरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "भाऊ, अर्ज?"

"फाटकापाशी राहिला, बाई. स्टँडखाली."

"अहो, मग घेऊन या! आजच शेवटचा दिवस."

"नको," भाऊ थैली उचलत म्हणाले. "जागेवर चांगला बसलाय. आता रोज तिथेच गाडी लावीन."